वहीपूजन, जून महिन्यातलं

बाईने बँकेत नोकरी केली की महिला मंडळातली तिची जागा ठरून जाते. गळा गोड असेल तर ती प्रार्थना म्हणते, नवऱ्याच्या ओळखी असतील तर अध्यक्ष होते आणि बँकेतून निवृत्त झाली असेल तर खजिनदार. मी बँकेत लोकांच्या रजा मोजत होते, पैसे नाही, हे परोपरीने सांगून पाहिलं. "असू दे हो, मोजतच होतात ना!" असं म्हणून लालबागच्या आमच्या मंडळाने पावतीपुस्तक माझ्या पदरात टाकलं.

हळदीकुंकू, भोंडला, कोजागिरी यांचं काही नाही. तिथे खर्च साबुदाण्याचा आणि भांडण मिठाचं. खरा घाम फुटतो तो जूनमध्ये. शाळा उघडायची वेळ झाली की मुंबईतली तमाम मंडळं, दहीहंडीची पथकं, मित्रमंडळं आणि होऊ घातलेले नगरसेवक या सगळ्यांना एकाच आठवड्यात गरीब मुलं आठवतात. आणि सगळे मिळून त्यांना एकच वस्तू देतात. वही.

वह्यांसाठी वर्गणी लागते. वर्गणी देणाऱ्याला पावती लागते आणि हल्ली पावतीच्या आधी प्रश्न येतो, "ऐंशी-जी मिळेल ना?" म्हणजे देणगीवरची करसवलत. दोनशे एक रुपये देणारासुद्धा आधी हे विचारतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पाच हजार रोख आणून दिले. मी नियमाप्रमाणे सांगितलं, की दोन हजारांच्या वर रोख दिलं तर करसवलत नाही, चेक द्या. काकांनी तीन हजार उचलून खिशात घातले आणि म्हणाले, "मग एवढेच असू द्या." तेव्हापासून अध्यक्षबाईंनी मला दात्यांपुढे कायदा बोलायची बंदी केली आहे.

दुसरे एक दाते वहीच्या पाठीवर स्वर्गवासी वडिलांचा फोटो हवा या अटीवर तयार झाले. छापला. गणपतीपर्यंत शाळेतल्या यच्चयावत वह्यांवर बाबांना मिशा, गॉगल आणि काही ठिकाणी शिंगं आली होती. दाते दुसऱ्या वर्षी फिरकले नाहीत.

खरेदी मशीद बंदरला, अब्दुल रहमान स्ट्रीटवर. तिथे माल ठोक मिळतो आणि धक्के किरकोळीत, पण सतत. दुकानदाराने वही उचलली, अंगठ्याने पानं फर्रकन सोडली आणि विचारलं, "एकसो बहत्तर पेज चलेगा ना?" हल्ली दोनशे पानी म्हणून मागितलेली वही बऱ्याचदा एकशे बहात्तर पानांचीच निघते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अध्यक्षबाई हटून बसल्या. दोनशेच पाहिजेत, बॅनरवर 'दोनशे पानी' छापून झालंय. शेवटी वह्या एकशे बहात्तरच्याच घेतल्या आणि बॅनरच्या त्या आकड्यावर मोगऱ्याचा गजरा सोडला.

गठ्ठे घेऊन लोकलला चढणं हा वेगळा अध्याय. प्लास्टिकची पट्टी बोटांत रुतून बोटं आधी पांढरी आणि मग जांभळी होतात. लेडीज डब्यातल्या बायकांनी पहिली दोन स्टेशनं आम्हाला यथेच्छ बोलून घेतलं. चिंचपोकळी गेल्यावर कुणीतरी विचारलं, "एवढ्या वह्या कशाला?" आम्ही सांगितलं. करी रोडला गाडी थांबते ती किती! तेवढ्यात त्याच बायकांनी हातोहात सगळे गठ्ठे खाली दिले, वर एकीने आमची विसरलेली छत्रीही फेकली. ती आमची नव्हती हे घरी आल्यावर कळलं.

मग समारंभ. पालिकेच्या शाळेतली मुलं या बाबतीत आमच्यापेक्षा अनुभवी. 'स्वागतगीत' म्हटलं की उभी, 'टाळ्या' म्हटलं की टाळ्या. प्रमुख पाहुण्या भाषणात १८४८ साली भिडेवाड्यात शिरल्या, सावित्रीबाईंच्या अंगावरचं शेण झालं आणि तिथून त्या गावदेवीच्या सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेत आल्या. ते १९०८चं आणि पहिल्या अध्यक्ष रमाबाई रानडे, हे आता मला पाठ आहे. त्यांच्या खजिनदार कोण होत्या, हे मात्र कुठल्याच भाषणात येत नाही. तोवर पुढच्या रांगेतल्या मुलांच्या पायाला मुंग्या आलेल्या. शेवटी फोटो. एक वही, ती धरलेले पाहुण्यांचे, अध्यक्षांचे, चिटणीसांचे आणि उपाध्यक्षांचे हात आणि त्या हातांच्या खाली कुठेतरी वही घेणारी मुलगी.

चहाच्या वेळी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "रागावू नका, पण वह्या आहेत हो." पालिका आपल्या मुलांना गणवेश, दप्तर, छत्री, बूट धरून सत्तावीस वस्तू फुकट देते, त्यात वह्या आल्याच. २०२३ साली तर सरकारने पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली होती, पुढे काढलीही. वर आमच्यासारखे सगळे. "माझं एक कपाट वह्यांचंच आहे," बाई म्हणाल्या. "मला माणूस द्या. चौथीतल्या काहींना अजून जोडाक्षर आलं की घाम फुटतो. शाळा सुटल्यावर तासभर कुणी जवळ बसवून वाचून घेतलं तर फार होईल. फक्त जागा तुमची बघा, दुपारचं सत्र भरतं, वर्ग रिकामा नसतो."

हे मी सभेत सांगितलं आणि सभेला साथीचा रोग झाला. एकीचा गुडघा, दुसरीची नणंद येणार, तिसरीचा नातू त्याच वेळी झोपतो. वही देताना चार हात पुढे आले होते, वाचून घ्यायला अडीच मिळाले. अडीच म्हणजे मी, चिटणीसबाई आणि 'जमेल तशी येईन' म्हणणाऱ्या वहिनी.

जागा सोसायटीच्या हॉलची. टॉवर झाल्यापासून आमचा हॉल वाढदिवस, बारशी आणि कमिटीची भांडणं यांच्यापुरता उघडतो. सेक्रेटरींनी विचारलं, "मुलं मनात वाचणार की मोठ्याने?"

"मोठ्याने. मनात वाचलेलं आम्हाला कसं कळणार?"

"मग आवाजाचं काय? आणि चपला? लिफ्ट वापरणार का?"

आता, वरळीला बीडीडी चाळींतल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांत जागा नाही म्हणून मुलं वर्षानुवर्षं रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यासाला बसत आली, त्या रस्त्याला अभ्यास गल्लीच म्हणतात. आमचे सेक्रेटरी तिथेच बसून बी.कॉम. झाले. हे मला कुणी खाजगीत सांगितलेलं नाही, ते स्वतः दर १५ ऑगस्टला झेंड्याखाली सांगतात. मी तेवढं फक्त विचारलं, "तिथे चपला कुठे काढायचात हो?" हॉल मिळाला. पंखे दोनच लावायचे, या अटीवर.

तेव्हापासून मंगळवार-गुरुवार वाचन चालतं. एका मुलाचं 'ष्ट' काही केल्या सुटत नाही. 'राष्ट्र' आलं की तो शब्दावर बोट ठेवतो, माझ्याकडे बघतो आणि पाणी प्यायला जातो. त्याच्यामुळे सोसायटीच्या कूलरवर ताण येतो अशी लेखी तक्रार आहे. अध्यक्षबाईंची तक्रार वेगळी. वाचनाचा फोटो चांगला येत नाही, सगळी मुलं पाठमोरी दिसतात.

म्हणून मागच्या गुरुवारी त्या जूनच्या पाहुण्यांनाच घेऊन आल्या, सोबत फोटोवाला. पाहुण्या दारात दिसताच मुलांनी पुस्तकं मिटली, तीन रांगा केल्या आणि कुणी न सांगता स्वागतगीत सुरू केलं. गीत संपल्यावर 'ष्ट'वाल्याने विचारलं, "बाई, आज काय वाटणार?"

पाहुण्या चपापल्या. पर्समध्ये हात घालून चाचपू लागल्या. चष्म्याचं घर निघालं, रुमाल निघाला, शेवटी स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डांची चळत हाती लागली. तीच वाटली. फोटोही काढला. ते गेल्यावर मी पुस्तकं उघडायला सांगितली, पण 'ष्ट'वाला कार्डावरच बोट ठेवून बसलेला. 'समाजसेविका' सरळ वाचलं. 'अध्यक्षा'पाशी क्षणभर अडकला, पण सुटला. मग 'महाराष्ट्र' आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि "महा-राश-टर" म्हणून दामटत पुढे गेला. खालचा मोबाइल नंबर एका दमात वाचला आणि मला विचारलं, "लावून बघू?"