टेबलावर चालतंय ना?

गणपती आठ दिवसांवर आलेत, ईएसपी३२ (३.३ व्होल्टवर चालणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणून ठेवलाय, ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टी मखराला चिकटवून झालीय आणि आता कोणीतरी शहाणा तुम्हाला लेव्हल शिफ्टर, म्हणजे ३.३ व्होल्टचा सिग्नल ५चा करणारा तुकडा, घ्यायला सांगतोय. घेऊ नका.

आधी वायर थेट जोडा. पट्टीच्या डेटाशीटात लिहिलेलं असतं की डेटा पिनला '१' कळायला पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेज लागतं, म्हणजे ५ व्होल्टवर ३.५. ईएसपी देणार फार तर ३.३. पण ०.२ व्होल्टसाठी कोण रुसतं? रात्री अकरा वाजता, वीतभर वायरीवर पट्टी झकास चालेल. लगेच व्हिडिओ काढा, पुढे पुरावा लागेल.

शिफ्टर घ्यायचाच असेल तर सगळे घेतात तोच चार चॅनलचा छोटा बोर्ड घ्या, बीएसएस१३८ नावाच्या मॉसफेट ट्रान्झिस्टरवाला. स्वस्त आहे, दोन्ही दिशांना चालतो. तुमचा डेटा एकाच दिशेने जातो, पण फुकट मिळतंय ते का सोडा? ही युक्ती मुळात आय-टू-सीसाठीची, म्हणजे चिपांनी दोन वायरींवर आपसात बोलायच्या पद्धतीसाठीची. तिथे चिप लाइन फक्त खाली ओढते, वर न्यायचं काम लाइन पुरवठ्याला जोडणाऱ्या पुल-अप रझिस्टरचं. या बोर्डावर तो १० किलोओहमचा, त्यामुळे लाइन पर्वतीच्या पायऱ्या चढावी तशी दमत दमत वर जाते. वायरीची कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड धरली तर आरसी, म्हणजे वर चढायला लागणाऱ्या वेळेचं माप, होतो ०.५ मायक्रोसेकंद, आणि पट्टीचा '०'चा पल्स असतो ०.४चा. बिचारी वर पोचायच्या आत खाली यायची वेळ. असले गुणाकार सणासुदीला करू नयेत.

कोणी ७४एचसीटी१२५ (सिग्नल पुढे ढकलणारी बफर चिप) सुचवेल. दुकानात तो नसतो, ७४एचसी१२५ असतो. काउंटरवरचे काका म्हणतात, "एकच आहे हो, घ्या." घ्या! ५ व्होल्टवर एचसीटीला '१' ओळखायला २ व्होल्ट पुरतात, एचसीला साधारण ३.५ लागतात, म्हणजे पट्टीचं दुखणं तुम्ही पैसे मोजून चिपला लावलंत. पण एका 'टी'साठी काकांशी वाद घालणं बरं दिसतं का?

टीएक्सबी०१०८ हा शिफ्टर डेटाची दिशा स्वतःच ओळखतो, म्हणून तो ओएलईडी डिस्प्लेच्या आय-टू-सी लाइनला लावा. डेटाशीट बाहेरचे पुल-अप ५० किलोओहमपेक्षा मोठे ठेवायला सांगतं. तुमच्या मॉड्यूलवर ४.७चे आहेत. त्यांचं ते बघून घेतील.

उलट्या बाजूला, म्हणजे एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या ५ व्होल्टच्या इको पिनला, १ आणि २ किलोओहमचे दोन रझिस्टर लावले की ३.३ मिळतात. दोन रझिस्टर! त्यासाठी कोण उठून डबा शोधणार? थेट जोडा. "आपलं तर दोन वर्षं चालतंय" म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. त्याचा जळालेला ईएसपी ड्रॉवरमध्ये असतो, ते तो सांगत नाही.

चतुर्थीला पाहुणे जमतील, मखरापर्यंतची वायर दोन मीटरची झालेली असेल आणि पट्टी थरथरू लागेल. आधी चिनी मालाला नावं ठेवा. मग डेटाची वायर बोटांत धरून बघा. कधीकधी तेवढ्यानेही शांत होते. झाली तर सोडू नका. मंत्रपुष्पांजलीपर्यंत तसेच उभे राहा, टाळ्या बाकीचे वाजवतील.