पत्रं वजनावर विकू नका

आज सकाळी नाशकात, भद्रकालीत एका रद्दीवाल्याच्या हातगाडीवर सुतळीनं बांधलेला इनलँड पत्रांचा गठ्ठा दिसला आणि डोकंच फिरलं. वाडा पाडायला काढलाय म्हणे, घरच्याच पोरांनी वजनावर दिला. मी गठ्ठा मागितला तर शेजारी उभा असलेला एक जण म्हणतो, "दुसऱ्यांची पत्रं कशाला वाचायची?"

कशाला? माझ्या आजीनं १९६९च्या पुरानंतर भावाला लिहिलेलं कार्ड आहे माझ्याकडे. एवढा मोठा पूर, त्याला तीन ओळी. बाकी सगळं कार्ड, अगदी कडेनं आडवं लिहून, एकच सांगतंय की वहिनीला दिवस गेलेत, तिला घागर उचलू देऊ नकोस. पुराची माहिती कुठंही मिळेल हो. ती घागर कुठं मिळणार?

सावित्रीबाईंचं १८५६चं, जोतीरावांना लिहिलेलं पत्र काढून वाचा. आजारपणात भावानं केलेली सेवा त्या मनापासून सांगतात, आणि त्याच पत्रात त्याच भावाशी झालेला वाद. महार-मांगांसाठी राबता म्हणून तुम्हाला वाळीत टाकलंय, असं तो त्यांना सुनावतो, आणि त्या त्याला उत्तर देतात. जयंतीच्या भाषणात हा भाऊ कधी भेटलाय का तुम्हाला?

आणि आपल्या गंगापूरला राहिलेल्या गोपिकाबाई, नानासाहेब पेशव्यांची बायको! विश्वासराव पानिपतावर गेले, माधवराव क्षयानं, नारायणरावांचा तर खून झाला. तिन्ही मुलगे गमावलेली ही बाई नातवाला, सवाई माधवरावांना, दिवस कसा घालवावा, कसं वागावं ते लिहून कळवते. मला त्यात पेशवीण दिसतच नाही. माझी आजी दिसते, घागर उचलू देऊ नकोस म्हणणारी. आणि नारायणरावांच्या खुनाचा ठपका ज्यांच्यावर आला, त्या तिच्याच दिराची, राघोबादादांची आनंदवल्लीही त्याच गंगापूर रोडवर आहे. आपण तिथून रोज गाड्या हाकतो.

पत्रं खाजगी असतात, मान्य. माणसं हयात असतील तर विचारून वाचावीत. पण किलोवर घालताना कुठं गेला होता हा खाजगीपणा? फ्लॅटमध्ये जागा नसते, हेही खरं. पण बुटांच्या एका खोक्यात मावतात हो ती!

रद्दीवाल्या काकांवर राग नाही. त्यांनी तो गठ्ठा मला दिला, वर पैसेही घेईनात.

तुमच्या माळ्यावर मोडी लिपीतले कागद असतील तर वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. मोडी वाचणारी माणसं नाशकात आहेत. मला मेसेज करा, मी गाठ घालून देते.