सोवळ्यातली चिमणी आणि डी ग्रेड

इंग्लंडात घर विकायचं असो की भाड्याने द्यायचं असो, आधी ईपीसी लागतं. एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, म्हणजे घराला किती ऊर्जा लागते याचा दाखला. २००७ साली ही भानगड सुरू झाली. एक माणूस येऊन घर बघून जातो आणि मग तुमच्या घराला ए (सगळ्यात चांगलं) ते जी (सगळ्यात वाईट) यातलं एक अक्षर मिळतं, ते दहा वर्षं चालतं. दहा वर्षांत माणसाची दोन पोरं होतात, केस जातात, पासपोर्ट बदलतो, सर्टिफिकेट कुठल्या फाइलमधे आहे हे कोणाच्या लक्षात राहणारे. आम्हाला आठवण केली लेटिंग एजंटने. आमचा एक वन बेडरूम फ्लॅट आहे लंडनच्या डॉकलँड्सच्या बाजूला, लग्नाआधी नवऱ्याने घेतलेला, काचेच्या टॉवरमधला, तो भाड्याने असतो. जुना भाडेकरू गेला, नवीन यायचा होता, आणि एजंट म्हणाला की सर्टिफिकेट संपलंय, ते झाल्याशिवाय मी जाहिरात पण टाकणार नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण नवऱ्याने त्याच आठवड्यात कुठेतरी वाचलं की घराला ए किंवा बी ग्रेड असेल तर काही बँका मॉर्गेजच्या, म्हणजे गृहकर्जाच्या, रेटमधे थोडी सूट देतात, ग्रीन मॉर्गेज म्हणतात त्याला. आमच्या राहत्या घराचं मॉर्गेज बदलायची वेळ आलीच होती. शिवाय दोन घरं एकदम केली तर तो माणूस डिस्काउंट देईल हा दुसरा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर हाच पहिला मुद्दा.

आता आमचं राहतं घर म्हणजे पूर्व लंडनमधलं व्हिक्टोरियन टेरेस, एकाला एक चिकटलेल्या जुन्या घरांच्या रांगेतलं. १९०० च्या आधीचं. उंच छत, वर-खाली सरकणाऱ्या सॅश विंडो, प्रत्येक खोलीत फायरप्लेस, बघायला आलेले पाहुणे "किती कॅरॅक्टर आहे घराला" म्हणतात आणि जानेवारीत आले असतील तर कोट न काढता म्हणतात. वारा कुठून येतो हे अजून सापडलेलं नाही पण येतो. सासूबाई पुण्याहून आल्या की दिवाणखान्यात कानटोपी घालून बसतात. या घराला बी ग्रेड मिळेल हा विचार ज्या माणसाच्या डोक्यात येऊ शकतो त्याच्याशी मी लग्न केलंय.

घर बघून ग्रेड देणारा असेसर आला तो पन्नाशीचा, शांत, हातात लेझरचं मोजायचं यंत्र आणि टॅबलेट. घरात यायच्या आधीच तो रस्त्यावर उभा राहून आमच्या भिंतीकडे बराच वेळ बघत होता. मी म्हटलं काय झालं. तर म्हणाला विटा बघतोय. एक वीट लांब दिसते, शेजारची आखूड दिसते, मग परत लांब. आखूड दिसते ती वीट म्हणजे भिंतीत आडवी आरपार गेलेली, म्हणजे भिंत भरीव, मधे पोकळी नाही, म्हणजे इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) भरायला जागाच नाही. इतकी वर्षं मी त्या भिंतीसमोर उभी राहून किल्ल्या शोधतेय, मला विटेला लांबी-रुंदी असते हे पहिल्यांदा कळलं. त्याने टॅबलेटवर काहीतरी टिक केलं आणि घरात पाऊल टाकायच्या आधीच आमचे मार्क कापले गेले.

आत आल्यावर सासूबाईंनी त्याला बूट काढायला लावले. बिचाऱ्याने काढले. मग तो पुढच्या खोलीत गेला आणि थबकला. कारण तिथल्या फायरप्लेसमधे आमचं देवघर आहे. लंडनच्या घरात याहून चांगली जागा नाही, तिन्ही बाजूंनी बंद, वर संगमरवरी फळी, मधे बाळकृष्ण, अन्नपूर्णा, समई. त्याला बघायचं होतं की वरची चिमणी उघडी आहे की बुजवलेली, कारण उघडी असेल तर घरातली उष्णता तिथून वर जाते आणि ते लिहावं लागतं. तो टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसला आणि डोकं आत घालायला लागला.

"अरे त्याला सांग आंघोळ केलीये का विचार," सासूबाई.

"आई, असं नाही विचारता येत," नवरा.

"मग हात तरी धुवायला सांग."

तो हात धुवून आला. खरंच आला, मी काहीतरी सांगितलं त्याला धूळ वगैरे. मग मान तिरकी करून त्याने बाळकृष्णाच्या डोक्यावरून वर टॉर्च मारला, आणि म्हणाला, उघडी आहे. सासूबाईंना त्याचा अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या तरीच समई टिकत नाही, मी वात जाड करत बसलेय रोज. नवऱ्याने विचारलं की समई सेकंडरी हीटिंगमधे, म्हणजे बॉयलरच्या जोडीला घर तापवणाऱ्या साधनांत, धरता येईल का. असेसर हसला नाही. त्याने विचार केला आणि मग नाही म्हणाला, त्यामुळे मला तो आवडला.

त्यानंतर लॉफ्ट, म्हणजे छपराखालचा माळा. आमच्या लॉफ्टमधे काय आहे हे सांगण्यापेक्षा काय नाही ते सांगणं सोपं. बॅगा, बॅगेत बॅगा, पोरांचा पाळणा, आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर, जे महाराष्ट्रात २०१८ ला बंदी आली त्याच्या आधीचं आहे आणि टाकवत नाही म्हणून आहे. प्रॉब्लेम असा की सगळ्या लॉफ्टवर फळ्या ठोकलेल्या, आणि असेसर लोक फळी उचकटत नाहीत. जे डोळ्याला दिसेल, फोटोत येईल किंवा ज्याचा कागद असेल तेवढंच धरायचं असा नियम. फळीखाली काय आहे ते दिसलं नाही तर घर कोणत्या काळातलं आहे ते बघून अंदाज टाकतात, आणि आमच्या काळातल्या घरांबद्दल त्यांचा अंदाज फार काही चांगला नाही. नवऱ्याला हे आधीच माहीत होतं म्हणून त्याने आदल्या रात्री एक फळी काढून ठेवली होती आणि पाठ धरून बसला होता. खाली पिवळट कापसासारखा थर निघाला, त्यात टेप खुपसली तर १०० मिलिमीटर. हवं २७०. नवरा मखराकडे बघून म्हणाला, हे पण शेवटी थर्माकोलच आहे, पसरून ठेवलं तर?

जमिनीचं तर अजूनच वाईट. जुन्या मालकाने विकताना सांगितलं होतं की फरशीच्या लाकडाखाली त्याने इन्सुलेशन घातलंय. बिल आहे का, असेसरने विचारलं. बिल कुठलं. मग नाही धरता येणार. म्हणजे पाय गरम लागले तरी कागदावर ते गारच.

सासूबाईंना एवढंच जाणून घ्यायचं होतं की हा माणूस घर गार आहे की नाही हे नुसतं विचारत का नाही, आम्ही सांगू की. मी त्यांना समजावलं की आपण कसं राहतो याचा यात संबंधच नसतो, हिशोब ठरलेला असतो, हॉल २१ डिग्री आणि बाकीच्या खोल्या १८ धरतात, आणि तेवढं तापवायला किती खर्च येईल ते काढतात. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "या घरात अठरा कधी झालं होतं?"

फ्लॅटचं काम पटकन उरकलं. तिथे ना लॉफ्ट, ना चिमणी, ना देव. वर कोणीतरी राहतं, खाली कोणीतरी राहतं, दोन्ही बाजूंनी शेजारी, नुसत्या शेजाऱ्यांच्या उष्णतेवर तो फ्लॅट डिसेंबरात पण उबदार असतो. आधीचा भाडेकरू तर उन्हाळ्यात काचेला आतून चादरी लावून बसायचा. हीटर भिंतीवरचे विजेचे, ते त्याने कधी लावल्याचं मला आठवत नाही. असेसरने खोल्या मोजल्या, हीटरचे आणि कपाटातल्या पाण्याच्या टाकीचे फोटो काढले, झालं.

आणि मग रिझल्ट आला. घर, डी, शंभरात ५८. फ्लॅट, डी, ६४.

मी दोनदा वाचलं. एका घरात आम्ही कानटोप्या घालून जेवतो, दुसऱ्यात माणूस जानेवारीत बनियनवर फिरतो, आणि दोघं एकाच वर्गात. नवऱ्याने खोदून काढलं तेव्हा कळलं की हा नंबर मुख्यतः घर तापवायच्या खर्चावर असतो, आणि इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग. आमच्या घरातला गॅसचा बॉयलर मसाल्याच्या डब्यांमागे बसून स्वस्तात धडपडतो म्हणून त्याने आम्हाला तारलं, आणि फ्लॅटचे हीटर कोणी लावत नसलं तरी महागड्या विजेवर आहेत म्हणून तो खाली आला. भाड्याने द्यायला निदान ई लागतो, तो ३९ ला सुरू होतो, म्हणजे बोर्डाच्या पस्तिसाच्या जवळपासच, त्यामुळे दोन्ही पास. सासूबाईंनी ५८ ऐकून "सेकंड क्लास" असं जाहीर केलं. वर सर्टिफिकेटवर "पोटेन्शियल" म्हणून वेगळा ग्रेड असतो, सुचवलेल्या सुधारणा केल्या तर मिळेल तो, आमच्या घराचा बी. मुलगा हुशार आहे, अभ्यास करत नाही.

अभ्यास म्हणजे काय तर भिंतींना इन्सुलेशन, आतून किंवा बाहेरून, खर्च ४,००० ते १४,००० पौंड. बाहेरून लावायचं तर ज्या विटा बघायला असेसर रस्त्यात थांबला होता त्या झाकल्या जाणार, आणि आमची गल्ली कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायच्या भागात, तिथे बाहेरून असं काही लावायला कौन्सिलची परवानगी काढावी लागते. आतून लावायचं तर प्रत्येक खोली बाहेरच्या भिंतीकडून चार-पाच बोटं आत येणार, म्हणजे छोट्या बेडरूममधे कपाट आणि सासूबाई यातलं एकच मावेल. फ्लॅटला सुचवलं होतं रात्रीच्या स्वस्त विजेवर उष्णता साठवून ठेवणारे मोठे हीटर, जिथे आहेत तेच कोणी लावत नाही तिथे.

बँकेने अर्थातच डी वर काही सूट दिली नाही. सरकारचं पण काही धड नाही, आधी म्हणाले भाड्याच्या घरांना २०२५ पासून सी लागेल, मग २०२८, मग सप्टेंबर २०२३ मधे तेव्हाचे पंतप्रधान सुनक साहेबांनी ते सगळं रद्दच केलं, मग सरकार बदललं आणि परत सी आलं, आता २०३०. जे घरमालक मधल्या काळात भिंती तासून बसले ते वेगळे शिव्या देतात आणि जे थांबले ते वेगळे.

नवऱ्याला मात्र यातून एक छंद लागला. ही सगळी सर्टिफिकेटं सरकारच्या वेबसाइटवर उघडी असतात, पोस्टकोड टाकला की गल्लीतल्या प्रत्येक घराचा ग्रेड समोर, भिंत कशी, छत कसं, सगळं. पहिल्या रात्री त्याने आमची गल्ली बघितली, मग मित्रांची घरं. ज्याने गेल्या दिवाळीला "आमचं न्यू बिल्ड ना, हीटिंग लावावंच लागत नाही" असं ऐकवलं होतं त्याला सी निघाला. ही बातमी मंडळाच्या कार्यक्रमात खिचडीच्या रांगेत फुटली, कोणी फोडली ते मी सांगत नाही. तेव्हापासून लोकांचे याला फोन येतात, आधी म्हणतात आमचा ग्रेड कुठे बोलू नकोस हं, आणि मग आवाज खाली आणून व्याह्यांचा पोस्टकोड सांगतात.