भिंत आहे, मग शिक्षक कशाला?

'सात दिवसांत शीर्षासन' नावाचा एक मेसेज सध्या या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. माझ्या वर्गातल्याच तिघांनी तो मला पाठवला. त्याचं म्हणणं असं: भिंत असली की शिक्षक लागत नाही, पाय झटक्यात वर फेका. मान दुखली तर ती मोकळी होतेय असं समजा. पहिल्या दिवसापासून तीन मिनिटं टिका, मेंदूला दुप्पट रक्त मिळेल.

आधी भिंत. ती मागे पडू देत नाही, बास. मानेवर काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नाही. सराईत लोकांची मोजमापं घेतली तेव्हा त्यांच्याही डोक्यावर शरीराच्या वजनाचा ४० टक्क्यांहून जास्त भार आढळला. ६० किलोच्या माणसाचे हे झाले २४ किलो. नवख्याची कोपरं बाहेर घसरतात, खांदे कानांकडे गोळा होतात आणि भार आणखी मानेवर उतरतो. त्यात पाय फेकले की वरून हिसका.

म्हणून माझ्या वर्गात सुरुवातीला पाय उचलायचा विषयच निघत नाही. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी विरुद्ध हाताची कोपरं धरायची; दोन कोपरांत तेवढंच अंतर. मग बोटं गुंफून हात टेकायचे, गुडघे उचलायचे आणि डोकं अधांतरी ठेवून पाच श्वास थांबायचं. हे जमलं की डोकं टेकवायचं, आणि मी त्याखाली एक कागद सरकवते. हात जमिनीत दाबले की तो अलगद निघायला हवा. बहुतेकांचा अडकतो. एकाचा तर फाटला, आणि त्याला वाटत होतं सगळं खांद्यांवरच पेललंय! कागद सुटायला लागला की पावलं डोक्याकडे चालवत आणायची. कंबर खांद्यांच्या वर आली की गुडघे छातीशी घेताना पाय आपोआप हलके होतात. झटका लागतच नाही.

दुखण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मानेत कळ आली किंवा हाताला मुंग्या आल्या की त्याच श्वासाला खाली यायचं. उतरणंसुद्धा चढण्याआधी शिकवावं लागतं, हे त्या मेसेजच्या गावीही नाही.

रक्ताचं म्हणाल, तर निरोगी मेंदू स्वतःचा रक्तप्रवाह सांभाळतो. दाब वाढला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. जवळपास दुप्पट होतो तो डोळ्यांतला दाब! काचबिंदू असणाऱ्याला हे महागात पडू शकतं, आणि तो असल्याचं अनेकांना माहीतच नसतं. त्यामुळे वर्गात येणाऱ्याला मी आधी डोळे तपासून यायला सांगते. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असेल, तर शीर्षासन नाहीच.

उरली तीन मिनिटं. मेसेजमध्ये परंपरेचा दाखला आहे म्हणून परंपरेतलंच सांगते. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथाच्या तिसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, विपरीत करणीसाठी (डोकं खाली, पाय वर) 'क्षणं स्यात्प्रथमे दिने' असं म्हटलंय. पहिल्या दिवशी क्षणभर, मग रोज किंचित अधिक. त्या क्षणाची तीन मिनिटं कुणी केली, कोण जाणे.

कागद फाडणारा तो विद्यार्थी आता पाय वर नेऊन पाच श्वास थांबतो. भिंतीजवळच.