गादीखाली शहाबादी आहे की कडाप्पा? कार्बन सायकलच्या ‘मऊपणा’बद्दल

पावसाळा संपत आला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. ब्रेव्हेंचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडींचा, सीझन तोंडावर असतो, लोक नव्या सायकलीच्या विचारात असतात, आणि नेमका तेव्हाच तो उगवतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. कार्बन फायबरची फ्रेम रस्त्याचे धक्के पिते, ॲल्युमिनियम ते थेट हाडांपर्यंत पोचवतं. फायबर जितका वरच्या ग्रेडचा, तितकी सायकल मऊ. कार्बन असली की टायर टम्म फुगवा, वेगही मिळेल आणि काही जाणवणारही नाही. आणि जाता जाता: कार्बन पाच वर्षांत ढिली पडते, वेळेत विकून मोकळे व्हा.

यंदा हे वाचून आमच्यातला एक गडी आपली ॲल्युमिनियमची सायकल विकायला निघाला. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत त्याच्या दोन्ही करंगळ्या बधिर झाल्या होत्या, आणि त्यावर कार्बन हाच इलाज असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून हा खटाटोप. कार्बनशी माझं वैर नाही. माझी स्वतःची सायकल कार्बनचीच आहे आणि ती मला आवडते.

‘कार्बन धक्के पिते’

रोड सायकलची फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. छपराची कैची पाहिली आहे ना? ती वरून दाबली तर दबत नाही, म्हणूनच सुतार त्रिकोण करतो. फ्रेमचंही तेच. खड्ड्यावरून जाताना नुसती फ्रेम उभ्या दिशेने दबते ती मिलिमीटरभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी. स्टील असो, ॲल्युमिनियम असो वा कार्बन. याउलट २८ मिमीचं टायर, हवा बेताची असेल तर, नुसतं तुमच्या वजनाने चार मिलिमीटर बसतं. खड्ड्यावर आणखी. त्यानंतर सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) वाकतो, सीट दबते, हँडलची टेप दबते, आणि सगळ्यात शेवटी तुमचे कोपर आणि तुमचं बूड.

एकावर एक रचलेल्या स्प्रिंगांमध्ये सगळ्यात मऊ स्प्रिंग बहुतेक सगळं काम करते; कडक स्प्रिंग आणखी थोडी कडक झाली तरी एकूण हिशेबात फारसा फरक पडत नाही. फरशीवर गादी घातल्यावर खाली शहाबादी आहे की कडाप्पा, हे पाठीला कळतं का? मात्र गादी चार इंचांची आहे की सतरंजीएवढी, ते पहिल्याच रात्री कळतं. टायर म्हणजे ती गादी.

यावर हमखास येणारं उत्तर: ‘पण कार्बन कंपनं शोषतो, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.’ बरोबर आहे. रेझिनमध्ये बसवलेला फायबर धातूपेक्षा कंपनं लवकर विझवतो. पण रबर आणि माणसाचं मांस त्याहून कितीतरी जास्त विझवतात, आणि ते दोन्ही आधीच सायकलच्या खाली आणि वर हजर असतात.

आणि कार्बन जर मुळातच धक्के पीत असता, तर कंपन्यांनी त्यात स्प्रिंगा का घातल्या असत्या? ट्रेकने २०१२ साली डोमाने आणली, तेव्हा सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) टॉप ट्यूबपासून (वरच्या आडव्या नळीपासून) सुटी करून मध्ये एक सांधा दिला, म्हणजे सीट ट्यूब तिथे मोकळेपणी वाकावी. स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेलाराने २०१३ ची पॅरिस–रुबे, म्हणजे फ्रान्समधली दगडी रस्त्यांवरची शर्यत, त्याच सायकलवर मारली. स्पेशलाइज्डच्या रुबे मॉडेलमध्ये तर हँडलच्या खाली, हेड ट्यूबमध्ये, २० मिमी खाली-वर होणारी चक्क स्प्रिंग बसवली. दोन्ही फ्रेम कार्बनच्याच. बनवणाऱ्यांचाच ‘कार्बन धक्के पिते’ यावर एवढा विश्वास नाही.

‘ॲल्युमिनियम हाडं मोडतं’

इथे मेसेज नुसता चुकत नाही, उलटा चालतो. पदार्थ म्हणून पाहिलं तर ॲल्युमिनियमची कडकपणाची संख्या साधारण ७० गिगापास्कल, टायटॅनियमची ११० च्या आसपास, स्टीलची २००. म्हणजे या तिघांत सगळ्यात लवचीक ॲल्युमिनियमच. मग त्याची बदनामी का? नळीच्या व्यासामुळे. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं, पण वाकण्याला होणारा विरोध आठपट. जुन्या स्टीलच्या सायकलींची डाऊन ट्यूब (हँडलकडून पेडलकडे उतरणारी नळी) २८.६ मिमीची असायची. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा हलकं, पण त्याच प्रमाणात जास्त लवचीक आणि वारंवार वाकून थकणारं, म्हणून क्लाइन आणि कॅननडेल या सायकल कंपन्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत नळ्या मनगटाएवढ्या फुगवल्या. फ्रेम ताठ झाली ती त्या फुगवण्यामुळे.

याचा पुरावा त्याच काळात शर्यतीत पळत होता. फ्रान्सची व्हिट्यूस ९७९ ही ॲल्युमिनियमचीच, पण नळ्या स्टीलसारख्या सडपातळ, जोडांत चिकटवलेल्या. ती इतकी लवचीक की ताकदीचे स्प्रिंटर तिच्यापासून लांब राहत. अपवाद आयर्लंडचा शॉन केली. तो तिच्यावरच पळायचा, आणि १९८४ व १९८६ ची पॅरिस–रुबे त्याच्याच नावावर आहे. ‘ॲल्युमिनियम म्हणजे कडक’ म्हणणाऱ्याला व्हिट्यूसवर एक चक्कर मारायला द्यावी. पहिल्या चढावर उभं राहून पेडल मारलं की चेन पुढच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या पट्टीला) घासल्याचा आवाज येईल.

‘फायबर भारी, सायकल मऊ’

हे तर कोणी लिहिलं असेल त्याला कोपरापासून नमस्कार. टोरे या जपानी कंपनीचा टी७०० फायबर साधारण २३० गिगापास्कलचा, टी८०० २९४ चा, एम४०जे ३७७ चा. आकडा वाढतो तो कडकपणाचा. महाग फायबर वापरतात तो एवढ्यासाठी की तेवढाच ताठपणा कमी थरांत मिळावा आणि वजन उतरावं. शिवाय हे आकडे नुसत्या धाग्याचे, तेही धाग्याच्या दिशेने. फ्रेम कशी वागेल हे ठरतं थर कोणत्या कोनात आणि किती रचले यावरून. एकाच फायबरपासून एक कारखाना बॉटम ब्रॅकेटला (पेडलचा आस बसतो तिथे) पहारीसारखी ताठ फ्रेम करेल, तर दुसरा मागच्या बाजूला लवणारी. कार्बनची खरी करामत इथे आहे, आणि नेमकी तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळही नाही. स्टिकरवरचा ग्रेड वाचून आराम कळत नाही, जसं सुताचा नंबर वाचून साडी कशी नेसवेल ते कळत नाही.

‘टायर टम्म फुगवा’

सगळ्यात नुकसान करणारं वाक्य हेच. मी त्या गड्याची सायकल पाहायला गेलो. पुढचं टायर अंगठ्याने दाबलं, तर लाकूड दाबल्यासारखं. पंप लावला, काटा ११८ पीएसआयवर. टायर २५ मिमीचं, माणूस ६४ किलोचा. विचारलं, एवढी हवा कशाला? त्याने टायरची कड दाखवली: ‘कमाल १२०’. कमाल म्हणजे याच्या वर जाऊ नका, एवढंच. लिफ्टमध्ये ‘कमाल आठ माणसं’ लिहिलेलं असतं म्हणून आपण आठवा माणूस शोधत थांबत नाही.

पुढे ७५, मागे ८० वर आणलं आणि त्याला जुन्या हायवेवरच्या रम्बलरवरून दोनदा जाऊन यायला सांगितलं. परत आला तो सायकलकडे बघतच.

जास्त हवा म्हणजे जास्त वेग, हे गुळगुळीत रोलरवर एका मर्यादेपर्यंत खरं. आपल्या डांबरावर नाही. टायर दबलं नाही तर प्रत्येक खडीवर अख्खी सायकल आणि तिच्यावरचा माणूस वर उचलला जातो, आणि ती शक्ती पुढे जाण्यातून वजा होते. पॅरिस–रुबेच्या पन्नास-पंचावन्न किलोमीटर दगडी फरसबंदीवर आज जवळजवळ सगळे कार्बनवर असतात. तरी शर्यतीआधी खल चालतो तो टायर ३० चं की ३२ चं की त्याहून रुंद, आणि हवा किती यावर. काही संघांनी तर धावत्या सायकलवर टायरमधली हवा कमी-जास्त करणारे हबही (चाकाचे तुंबेही) वापरले. फ्रेमच धक्के पीत असती, तर त्यांनी एवढा उपद्व्याप केला नसता.

हवा किती कमी करायची याला अर्थातच तळ आहे. फार उतरवली की खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि दोन भोकांचं पंक्चर होतं. म्हणून टायर रुंद हवं. फ्रेममध्ये २८ बसतं का, ३२ बसतं का, हा प्रश्न ‘कार्बन की ॲल्युमिनियम’पेक्षा आधी विचारण्याचा.

‘पाच वर्षांत ढिली पडते’

नाही पडत. कार्बन हळूहळू मऊ होत जात नाही. आपटला किंवा क्लॅम्प जास्त आवळला तर तडकतो. स्टेमवर (हँडल धरणाऱ्या तुकड्यावर) ५ न्यूटन मीटर लिहिलं असेल तर टॉर्कचा पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते सांगणारा, घ्या. जुनी सायकल ढिली वाटली तर आधी हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग), हब आणि स्पोक तपासा.

आता कार्बनचं श्रेय कार्बनला. कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि विशेषतः सीटपोस्ट खरोखर फरक पाडतात. सीटपोस्ट त्रिकोणात अडकलेला नसतो. वर मोकळा निघालेला दांडा असतो तो, आणि दांडा वाकतो. २७.२ मिमीचा ३१.६ पेक्षा जास्त वाकतो, आणि जितका बाहेर निघालेला तितका जास्त.

करंगळ्यांचं मूळ मात्र वेगळंच निघालं. त्याचं हँडल लांब आणि खाली होतं, सगळा भार तळहाताच्या बाहेरच्या कडेवर, जिथून करंगळीची नस जाते. स्टेम दोन सेंटीमीटरने आखूड केला.

तरी त्याच्या मनातून कार्बन जाईना. मग गेल्या रविवारी माझ्या सायकलची चाकं काढून त्याच्या सायकलला लावली. दोन्ही रिम ब्रेकच्या, दोन्ही अकरा स्पीड. तीच २८ ची टायरं, तीच हवा. तो त्याच्या सायकलवर तोच पट्टा मारून आला, मग चाकं परत माझ्या सायकलला लावून तिच्यावर मारून आला. चहाच्या टपरीवर बराच वेळ काही बोलला नाही. कटिंग संपल्यावर विचारलंन, ‘तुझा सीटपोस्ट कितीचा आहे म्हणालास?’