‘दोन मिनिटांत उठतो तोच खरा लढवय्या’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या गुरुवारी संध्याकाळी बॉक्सिंगचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करताना माझ्या भाच्याच्या कानशिलावर हूक (बाजूने मारलेला ठोसा) बसला आणि तो मटकन खाली बसला. शिकवणारं मोठं माणूस तिथे कोणी नव्हतं, सगळी पोरंच. एकाने तोंडावर पाणी मारलं, दुसऱ्याने मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावला. टायमर वाजला तसा हा उठला आणि आणखी एक राउंड खेळला. रात्री दोनदा ओकला. ताईचा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही, डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. मी त्याला विचारलं, "डोळ्यांपुढे अंधारी आली होती ना, मग उठलास कशाला?" तर म्हणतो, "मावशी, लेथ्वेमध्ये देतात ना दोन मिनिटं."

हे त्याला कुठून कळलं ते ताईच्या फोनवर सापडलं. ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ मेसेज, कॉलनीच्या ग्रुपवर, भाच्याच्या क्लासच्या ग्रुपवर, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा. रक्ताने माखलेल्या एका पोराचा फोटो आणि खाली मजकूर. म्यानमारमध्ये लेथ्वे नावाचा खेळ आहे, त्यात कसलाही नियम नाही. बेशुद्ध पडलेल्याला दोन मिनिटांत उठवून पुन्हा लढवतात, उठतो तोच खरा लढवय्या. एक उझबेक मुलगा कुठलंही शिक्षण न घेता तिथे गेला आणि सगळ्यांना लोळवून आला, कारण त्याच्या अंगात तैमूरचं रक्त आहे. तिथे जिंकणारा तो पहिलाच परदेशी. लेथ्वे म्हणा की थायलंडचं मुए थाई, सगळं एकच, मूळ आपल्या भारतातलं, आणि आता ऑलिम्पिकमध्येही आहे. एका लढतीचे वीस लाख मिळतात. शेवटी एक फोन नंबर आणि थायलंडमधल्या मे सोतला राहण्या-जेवणाची फुकट सोय.

मी अकोल्यात पंधरा वर्षं मुलांना बॉक्सिंग शिकवते आहे. घरातलाच मुलगा या मेसेजपायी हॉस्पिटलात जाऊन आल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

आधी ती दोन मिनिटं. हे खोटं नाही, आणि म्हणूनच जास्त घातक आहे. पारंपरिक लेथ्वेत तीन-तीन मिनिटांच्या पाच राउंड असतात. पॉइंट मोजत नाहीत. शेवटी दोघेही उभे असले तर लढत बरोबरीत सुटते. कोणी नॉकआउट झाला तर त्याच्या कॉर्नरला, म्हणजे त्याच्या बाजूच्या माणसांना, दोन मिनिटांचा वेळ मागता येतो. पूर्ण लढतीत एकदाच, आणि पाचव्या राउंडमध्ये तोही नाही. या वेळात चोळून, पाणी मारून त्याला शुद्धीवर आणतात आणि तो पुन्हा उभा राहू शकतो. मेसेजवाल्याने एवढंच उचललं. पुढचं का नाही लिहिलं? २०१७ पासून यांगूनमध्ये वर्ल्ड लेथ्वे चॅम्पियनशिपच्या लढती सुरू झाल्या, जगभर टीव्हीवर दाखवायच्या म्हणून. त्यांच्या नियमांत जज आणि पॉइंट आले, आणि ही दोन मिनिटं काढून टाकली. ज्या गोष्टीला हा मेसेज मर्दानगी म्हणतो, ती लेथ्वे चालवणाऱ्यांनीच बाजूला ठेवली.

आता बॉक्सिंगचा नियम बघा. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या माराने नॉकआउट झालेल्याला, किंवा त्या माराने रेफ्रीने लढत थांबवलेल्याला, कमीत कमी ३० दिवस स्पर्धाही बंद आणि स्पारिंगही बंद. तीन महिन्यांत असं दोनदा झालं तर ९० दिवस. वर्षभरात तीनदा झालं तर पूर्ण वर्ष. प्रत्येक वेळी डॉक्टरने तपासल्याशिवाय परत रिंगमध्ये पाऊल नाही. इकडे तीस दिवस आणि तिकडे दोन मिनिटं. माझ्या भाच्याने यातलं दुसरं निवडलं, कारण पहिलं त्याला कोणी फॉरवर्ड केलंच नव्हतं.

हे तीस दिवस कशासाठी, तेही सांगते, कारण पोरांना वाटतं हे म्हाताऱ्यांचं घाबरणं आहे. डोक्याला मार बसून अंधारी येते तेव्हा मेंदू कवटीच्या आत हादरलेला असतो. वरून सूज नाही, जखम नाही, पोरगा बोलतो, हसतो, आपल्याला वाटतं सावरला. आत तो सावरलेला नसतो. या काळात दुसरा मार बसला, अगदी हलका असला तरी, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. असं क्वचित घडतं, पण घडतं ते बहुतेक विशीच्या आतल्या पोरांच्या बाबतीत. म्हणून डोक्याला लागल्यावर ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोबडी वळणं, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. ताईने गाठलं.

"नियमच नाहीत" हे मात्र सपशेल खोटं. लेथ्वेत ग्लोव्हज नसतात, मुठींवर फक्त गॉझ आणि टेप असतो, आणि डोक्याने धडक मारता येते, एवढं खरं. म्हणूनच त्याला नऊ अंगांची कला म्हणतात: दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन पाय आणि नववं डोकं. पण चावणं, डोळ्यांत बोटं घालणं, जांघेत मारणं, खाली पडलेल्याला मारणं हे बंद आहे. रेफ्री दहा आकडे मोजतो तेही दोन-दोन सेकंदांनी, म्हणजे वीस सेकंद. एका राउंडमध्ये तीनदा मोजलं किंवा पूर्ण लढतीत चारदा मोजलं की लढत संपली. हे नियम आकाशातून पडले नाहीत. चा बा न्येन नावाचा बर्मी बॉक्सर १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खेळला आणि नंतर त्याने देशभर हिंडून लेथ्वेला आजचं रूप दिलं. एका माणसाने हयात घालून जे बसवलं, ते "नियमच नाहीत" म्हणून मोडीत काढायचं?

एक गोष्ट मनाविरुद्ध कबूल करते. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारलं तर मारणाऱ्याच्याच हाताचं हाड मोडतं, त्यामुळे डोक्यावर ठोशांचा पाऊस पडत नाही. याच्या उलट, जाड ग्लोव्हजमुळे माणूस डोक्यावर बिनधास्त मारत सुटतो. यात तथ्य आहे. आणि ग्लोव्हज घातले म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बँकॉकजवळ ग्लोव्हज घालूनच मुए थाई खेळणारा १३ वर्षांचा मुलगा नॉकआउट झाला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन दगावला. आठव्या वर्षापासून तो १७० च्या आसपास लढती खेळला होता. बँकॉकच्या रामाथिबोडी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी अशा बालबॉक्सरांच्या मेंदूचे एमआरआय काढून त्यांची तुलना न खेळणाऱ्या मुलांशी केली. खेळणाऱ्यांच्या मेंदूत इजा दिसली आणि बुद्ध्यांक कमी भरला. जितकी वर्षं जास्त, तितकं नुकसान जास्त. म्हणजे धोका खरा आहे. मला संताप येतो तो हाच धोका मेसेजमध्ये शौर्य म्हणून मिरवलाय त्याचा.

आता तो उझबेक मुलगा. मेसेजमध्ये त्याचं नाव नाही, साल नाही, लढत कुठे झाली ते नाही. उझबेक लढवय्ये तिकडे आहेत, त्यात नवल काहीच नाही. नैमजोन तुख्ताबोयेव म्यानमारला जाऊन लेथ्वे खेळला. अस्लमजोन ओर्तिकोव बँकॉकच्या लुंपिनी स्टेडियममध्ये ‘वन (ONE) चॅम्पियनशिप’ नावाच्या व्यावसायिक स्पर्धेच्या मुए थाई लढती खेळतो. पण "शिकला नाही, रक्तातच होतं" हे वाक्य त्या देशातल्या प्रत्येक कोचचा अपमान आहे. उझबेकिस्तानात सोव्हिएत काळापासून गावोगावी क्रीडाशाळा आहेत, तिथे पोरं लहानपणापासून रोज बॉक्सिंग करतात. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये महम्मदकादिर अब्दुल्लायेवने त्यांना बॉक्सिंगचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. २०१६ ला रिओत सात पदकं, त्यातली तीन सुवर्णं. २०२४ ला पॅरिसमध्ये पुरुषांच्या सात वजनगटांपैकी पाच सुवर्णं एकट्या उझबेकिस्तानची: दुस्मातोव, खालोकोव, मुयदिनखुजायेव, मुल्लाजोनोव आणि जालोलोव. मे २०२३ ची जागतिक स्पर्धा ताश्कंदलाच होती. तिथे त्यांनी पाच सुवर्णं घेतली, आपल्या दीपक भोरिया, मोहम्मद हुसामुद्दीन आणि निशांत देव यांनी कांस्य. आपल्यासाठी तीन कांस्यं हीसुद्धा मोठी कमाई होती. तैमूरच्या रक्ताने पदकं मिळत असती तर सहाशे वर्षं वाट बघावी लागली नसती.

माझा अंदाज असा की राष्ट्रीय संघात एका वजनात एकच जागा, आणि मागे रांगेत तसलीच दहा तयार पोरं. त्यातला कोणी थायलंडची वाट धरतो. पण तिथे त्याला पुन्हा पहिलीपासून शिकावं लागतं. बॉक्सर पुढच्या पायावर भार देऊन उभा राहतो, मुए थाईत त्याच मांडीवर लाथा बसतात आणि दोन राउंडमध्ये पाय उचलत नाही. बॉक्सिंगमध्ये आपण खाली वाकून ठोसा चुकवतो, तिथे वाकलं की तोंडावर गुडघा येतो. आपल्याकडे मिठी मारली की रेफ्री सोडवतो, तिथे मानेला धरून झुंजणं हाच खेळाचा मोठा भाग. लेथ्वेत तर मिठीत शिरल्यावर समोरच्याचं कपाळ सांभाळायचं. ठोसा उत्तम असणाऱ्या उझबेक पोराला हे सगळं अंगवळणी पाडायला वर्षं जातात. मेसेजवाल्याने ती वर्षंच गाळून टाकली.

पहिला परदेशी? ११ डिसेंबर २०१६ ला यांगूनच्या थेन ब्यू स्टेडियममध्ये कॅनडाच्या डेव्ह लेडुकने तुन तुन मिनला हरवून लेथ्वेचा खुल्या गटाचा सोन्याचा पट्टा जिंकला. बर्मी नसलेला माणूस तो पट्टा पहिल्यांदा घेऊन गेला, आणि तो उझबेक नव्हता.

सगळं एकच, असं म्हणणाऱ्याने ते बँकॉक किंवा नॉम पेनमध्ये मोठ्याने म्हणून बघावं. २०२३ च्या आग्नेय आशियाई स्पर्धेत कंबोडियाने मुए थाईऐवजी ‘कुन ख्मेर’ नाव दिलं, तर थायलंडने त्यात खेळाडूच उतरवले नाहीत. भारताचं म्हणाल तर जुन्या मुए थाईतल्या दोन मुठींच्या एका डावाचं नाव ‘हनुमान अंगठी अर्पण करतो’ असं आहे, त्यांच्या रामायणातून, रामकियेनमधून आलेलं. ऐकून मलाही आनंद झाला होता. नाव रामायणातलं, घाम त्यांचा. आणि ऑलिम्पिक: २०२१ ला मुए थाईच्या जागतिक संघटनेला ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली, खेळ अजून ऑलिम्पिकमध्ये नाही. मान्यता आणि पदक यात फरक आहे.

वीस लाख म्हणे. लुंपिनीत शुक्रवारच्या वन चॅम्पियनशिपच्या लढतींत चांगलं खेळणाऱ्याला साडेतीन लाख बाहतचा बोनस देतात, म्हणजे सुमारे दहा हजार डॉलर, हे खरं आहे. पण तो बोनस आहे, एका रात्री मोजक्या जणांना मिळणारा. तिथवर पोचायला आधी हातात लढती लागतात, आणि लढतींच्या आधी कॅम्पची फी, व्हिसा, डॉक्टर आणि खाणंपिणं, सगळं स्वतःच्या खिशातून.

आता तो शेवटचा नंबर, ज्याच्यामुळे मला झोप लागली नाही. मे सोत हे थायलंडचं सीमेवरचं गाव आहे. नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हापासून तिथे लढाई चालू आहे, आणि म्यावाडीच्या आसपास ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे उभे राहिलेत. थायलंडमध्ये काम, राहणं-जेवण फुकट, असं सांगून पोरांना बोलावतात, सीमेपार नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि मारहाण करून लोकांना फसवायचं काम करवून घेतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा ५४९ जणांना मे सोतहून हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने साठहून जास्त जणांची सुटका केली आणि एजंटांना अटक केली. हा नंबर त्यांच्यापैकी कोणाचा आहे असा माझा दावा नाही. पण नाव न सांगता, कॅम्पचा पत्ता न देता सतरा वर्षांच्या मुलाला मे सोतला फुकट बोलावणाऱ्या माणसाला फोन करायचं काहीच कारण नाही.

भाच्याने केला होता. दोनदा. पलीकडच्याने पासपोर्ट आहे का एवढंच विचारलं, किती वर्षं खेळतोस हे एकदाही विचारलं नाही.

तो नंबर आम्ही पोलिसांच्या सायबर कक्षाकडे दिला आहे. तुमच्या घरातल्या कोणी त्यावर फोन केला असेल किंवा पासपोर्टचा फोटो पाठवला असेल, तर आजच १९३० वर तक्रार करा. आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज आला त्याच ग्रुपवर, त्याच्याच खाली हे टाका. भाच्याचे तीस दिवस मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा करून मोजते आहे. आज सहावा.