मालक नसलेल्या कामगारांची युनियन: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

स्त्री कामगार आणि कामगार चळवळ या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. पिंपरीतील एका कारखान्यात बराच काळ युनियनचे काम केलेल्या माणसाचे हे आक्षेप असल्याने दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे, की स्त्रिया मोर्च्यांत मोठ्या संख्येने दिसल्या तरी चळवळीची दिशा त्यांनी कधी ठरवली नाही. मोलकरणी आणि कचरावेचक यांच्या संघटनांना मी युनियन म्हणते, परंतु ज्यांना एक मालक नाही आणि ज्यांचा वेतनकरार होत नाही त्यांची संघटना ही फार तर कल्याणकारी संस्था होय. आणि अशा वेगळ्या चुली मांडल्याने कामगारांची एकजूट दुबळी होते.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण आपला खरा मतभेद तिथेच आहे. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा कामगार खात्याने नेमकी हीच अडचण काढली होती: या बायकांना मालकच नाही, तर त्या भांडणार कोणाशी? नोंदणी अखेर झाली. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातील व्याख्या आपण पुन्हा पाहावी, अशी विनंती आहे. कामगार आणि मालक यांच्यातील संबंधांबरोबरच कामगार आणि कामगार यांच्यातील संबंधांचे नियमन करणे हाही तिथे युनियनचा हेतू मानलेला आहे. कारखान्यात काम करणाऱ्याचे या दुसऱ्या भागाकडे सहसा लक्ष जात नाही, कारण तिथे सगळे एकाच फाटकातून आत जातात आणि सगळ्यांचा पगार एकाच कचेरीतून निघतो.

घरकामात तसे काहीच नसते. धुणे, भांडी आणि केरफरशीसाठी एकच बाई सकाळपासून दुपारपर्यंत चार-पाच घरे करते; प्रत्येक घरी तिची मालकीण वेगळी, दर वेगळा आणि सुटीचा नियमही वेगळा. तिने पगारवाढ मागितली, की दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीतली दुसरी बाई कमी पैशांत ते घर धरू शकते. त्यामुळे इथला पहिला करार मालकिणीशी होऊच शकत नाही. तो बायकांना आपसांत करावा लागतो. ज्या घराने एकीला अन्यायाने कामावरून काढले ते घर दुसरीने धरायचे नाही आणि ठरलेल्या दराखाली कोणी उतरायचे नाही, एवढे पाळले गेले तरच दराला अर्थ उरतो. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, पगारवाढ आणि हक्काची सुटी मागितली, आणि त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना आकाराला आली. डाव्या विचारांच्या लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांची त्यांना साथ होती, हे आपण नमूद केले आहे आणि ते खरेही आहे. परंतु आधी संप आणि मग संघटना हा क्रम आपण लक्षात घ्यावा. कल्याणकारी संस्था अशा रीतीने जन्माला येत नाहीत. हा आपसांतला करार मोडतोही, आणि नव्याने शहरात आलेल्या बाईकडून तर फार लवकर मोडतो. पण बदली कामगारांमुळे कारखान्यातले संपही मोडले आहेत, हे आपल्याला मी सांगायला नको.

पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेची, म्हणजे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची, गोष्ट आणखी वेगळी आहे. १९९३ साली ती स्थापन झाली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या बायकांसमोर कोणी मालक नव्हता. समोर होते चोरीचा संशय घेणारे रहिवासी, पोलीस आणि कचऱ्यावर डोळा ठेवणारे ठेकेदार. म्हणून महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र ही सुरुवातीच्या मागण्यांतली एक मोठी मागणी ठरली. कचरा उचलणे ही महापालिकेची जबाबदारी आहे, ते काम आम्ही करतो, म्हणून महापालिकेने आमच्याशी बोलले पाहिजे, अशी ही मांडणी होती. पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. त्यानुसार घरोघरचा कचरा गोळा करण्याचे शुल्क नागरिक थेट कचरावेचकाला देतात आणि विकता येण्याजोग्या सुक्या मालावर त्याचाच हक्क राहतो. हा वेतनकरार नव्हे, हे मान्य. परंतु काम कोणाचे, मोबदला किती आणि महापालिकेने काय पुरवायचे, हे त्यात ठरते, आणि मुदत संपत आली की तो टिकवण्यासाठी बायकांना रस्त्यावर उतरावे लागते. याला सामूहिक सौदा म्हणायचे नाही, तर मग कशाला म्हणायचे?

वेगळ्या चुलीचा आरोप निदान पुण्यात तरी टिकत नाही. कष्टकरी पंचायत ही हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेच्या बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातील कार्यकर्त्या-शिक्षिकांच्या साथीने उभी राहिली. चूल वेगळी असेल, पण विस्तव हमाल पंचायतीच्याच चुलीतून नेलेला आहे.

आता दिशा ठरवण्याविषयी. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत भरवलेल्या गिरणी कामगारांच्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली होती, आणि रविवारची सुटी त्याच वर्षी मिळाली. एवढ्यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. माझा मुद्दा त्यानंतरच्या काळाचा आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक स्त्री होती. पुढच्या पन्नास वर्षांत हे प्रमाण नगण्य झाले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिलेले प्रसूतिलाभाचे विधेयक १९२९ मध्ये कायदा झाले. त्याचा खर्च मालकांवर पडला, रात्रपाळीत स्त्रियांना मनाई होती, आणि बायका जिथे एकवटल्या होत्या त्या रीळ आणि वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत यंत्रे बदलली. या सर्वांचा परिणाम म्हणून बायका कमी झाल्या. पुरुषाला कुटुंब पोसण्याइतके वेतन मिळाले पाहिजे, या मागणीवर युनियनांनी जेवढे बळ लावले, तेवढे या बायकांची कामे वाचवण्यासाठी लावले नाही, असे माझे मत आहे. ज्यांना कारखान्याबाहेर जाऊ दिले त्यांनी कारखान्यातील चळवळीची दिशा ठरवली नाही, हा आक्षेप मग थोडा अवघड होऊन बसतो.

नेतृत्व बहुतेक वेळा शिकलेल्या, मध्यमवर्गीय माणसांकडे राहिले, ही आपली टीका मात्र मला पटते, आणि ती पुरुषांच्या युनियनांनाही लागू आहे. अंगणवाडी सेविकांच्या डिसेंबर २०२३ मध्ये सुरू होऊन जानेवारी अखेरपर्यंत चाललेल्या संपातही वाटाघाटींचे मुख्य चेहरे पुष्कळसे पुरुष नेत्यांचे होते. तरीही इतका लांबलेला संप गावोगावच्या सेविकांनी पगारावर पाणी सोडून चालवला, म्हणूनच त्या चेहऱ्यांना वाटाघाटीच्या टेबलाशी वजन आले.

शेवटी आपल्याच प्रतिक्रियेतील एका वाक्याकडे वळते. आपल्या कारखान्यात उपाहारगृहात आणि साफसफाईला ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या बायका होत्या, पण हजेरीपटावर नसल्याने त्या युनियनमध्ये नव्हत्या, असे आपण जाता जाता लिहिले आहे. त्यांना सभासद करून घ्यावे, असा ठराव आपल्या युनियनच्या सर्वसाधारण सभेपुढे कधी आला होता का, आणि आला असल्यास त्याच्या विरोधात कोणती कारणे मांडली गेली, हे आपण लिहावे, अशी विनंती आहे. पुढचा लेख ठेकेदारी कामातल्या स्त्रियांवर लिहिते आहे, आणि ती कारणे मला सभेत बसलेल्या माणसाकडून हवी आहेत.